रुमालाखालची तीन बोटं

सालेहाचे उपकार मी मानतोच, पण तिने दिलेलं पहिलं पुस्तक मी तिच्याच टेबलावर आपटलं होतं, हेही सांगून टाकतो. चाळीस वर्षं उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत केलेला माणूस मी, माणिकप्पा. खऱ्या माणसांनी मला पुरेसं फसवलंय. खोट्या माणसांच्या खुनाशी मला काय देणंघेणं?

माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिससाठी लातूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. चार तास डाव्या हातात दोन सुया, आणि तो हात हलवायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या टेक्निशियन पोरीला, म्हणजे सालेहाला, मी स्पष्ट सांगितलं, "बेटा, बस्स झालं आता. पुढच्या वेळेपासून मी येणार न्हाई."

दुसरी कोणी असती तर तिने मला व्याख्यान दिलं असतं. सालेहाने पिशवीतून कव्हर फाटलेलं एक जुनं पुस्तक काढलं. "अप्पा, घाटातल्या लॉजवर सहा जण अडकलेत. सातव्याचा खून झालाय. वाचून बघा. पण घरी न्यायचं न्हाई, इथंच वाचायचं."

"काहीतरी हसायचं दे की. आधीच जिवाला घोर लागलाय."

"हसायच्या गोष्टी लोक अर्ध्यात सोडतात, अप्पा. खून कोणी अर्ध्यात सोडत न्हाई."

तेव्हाच मी ते आपटलं. पण छताकडे बघून बघून माणूस किती बघणार? तासाभराने मुकाट्याने मागून घेतलं. त्या दिवशी पन्नास पानं झाली आणि पुढच्या वेळी मी अर्धा तास आधीच हजर. घाईत विभूती लावायची राहिली म्हणून घरात बोलणी खाल्ली, ती वेगळीच.

शेजारच्या पलंगावर चाकूरचा नरसिंग असायचा, बैलांचा व्यापारी. त्याच्या सुया उजव्या हातात. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचू लागलो. माझे डोळे दुखले की सालेहा आमच्या मधल्या स्टुलावर मोबाइल ठेवून एखादी काळीकुट्ट मालिका लावायची. त्यात एखादी पोरगी गायब झालेली असायची आणि गावातला डॉक्टर हमखास खोटं बोलायचा. आमचं मशीन थांबलं की ती मालिकाही तिथल्या तिथे थांबवायची. असली खट पोरगी मी दुसरी पाहिली नाही.

पण नरसिंगचा जीव पुस्तकात अडकला होता. लॉजवरच्या सहाही जणांना त्याने नंबर देऊन टाकले होते. एक नंबर मालक, दोन नंबर कंपाउंडर, तीन नंबर विधवा बाई, असे. "दोन नंबरच हाय, अप्पा," तो म्हणायचा. "बगा की, कसा नजर चोरून राहिलाय." आणि अधूनमधून म्हणायचा, "ही गोष्ट तेवढी संपू द्या, मग मीबी मोकळा." मी हसायचो. हसायला नको होतं.

एका शुक्रवारी नरसिंगला झोप लागली आणि मला दम निघेना. शेवटची वीस पानं मी मनातल्या मनात वाचून काढली. सुया निघाल्या तेव्हा तो जागा झाला आणि माझं तोंड बघूनच त्याने ओळखलं. "सांगा की, अप्पा." समोर सालेहा उभी, मशीन थांबल्यावर गोष्टीचं अवाक्षरही तिला चालायचं नाही, त्यामुळे तोंडाने सांगायची सोय नाही. तर या गड्याने खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि हात पुढे केला.

बाजार केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. आणि तिथे खोटं बोट कोणी देत नाही, मग बाहेर तो कितीही लबाड असो. सवयीने माझा हात आपोआप गेला. मी त्याची तीन बोटं धरली. "आयला!" म्हणून तो खदाखदा हसला आणि घरी गेला.

सोमवारी त्याचा पलंग रिकामा होता. सालेहाने फोन लावला. "पोरी, माझी गोष्ट संपली," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

तिने माझ्याकडे बघितलं. "वीस पानं बाकी होती, अप्पा." मी मान खाली घातली. "तीन दिवसांचं पाणी त्यांच्या अंगात साचलंय," ती हळूच म्हणाली. "आज आले न्हाई तर..."

मी मशीनला जखडलेला, उठून जाणार कसा? उजव्या हाताने फोन लावला.

"नरसिंग, शुक्रवारी मी खोटी बोटं दिली."

"काय?"

"तीन नंबर न्हाई. तुला बनवलं मी."

"रुमालाखाली?" अप्पा म्हणायचंही तो विसरला. "माणिकप्पा, रुमालाखाली खोटं?"

चाळीस वर्षांत माझ्या बोटांवर कोणी शंका घेतली नव्हती. ती सगळी पुण्याई मी त्या एका फोनवर घालवत होतो. "हाव," मी म्हणालो. "खरं ऐकायचं असंल तर इथं ये."

तो एसटीने दीड तासात आला. पाय इतके सुजलेले की चपला हातात घेतलेल्या. दारातूनच त्याने माझा उद्धार सुरू केला. त्याच्या शिव्या ऐकत ऐकतच सालेहाने त्याला आडवं केलं, सुया लावल्या, मशीन सुरू केलं.

"आता वाचा," तो दरडावला.

मी वाचलं. एकही ओळ गाळली नाही. शेवटून दुसऱ्या पानावर लॉजच्या जिन्यात उभं राहून विधवा बाईने कबुली दिली. तीन नंबर.

आता नरसिंग सुया उपटून उठतो, असंच मला वाटलं. मग त्याने मोकळ्या डाव्या हाताने खांद्यावरचा रुमाल ओढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून आपला हात घातला. या वेळी बोटं नव्हती, अख्खा पंजा होता. त्याने माझा हात गच्च धरला.

"खोटं बोललात की, अप्पा."

"फोनवर," मी म्हणालो. "रुमालाखाली न्हाई."

"मालूम झालं." त्याचा एक हात सुयांत, दुसरा माझ्या हातात, म्हणून त्याचे डोळे सालेहाने पुसले. माझेही तिनेच पुसले. पहिलं पुस्तक देताना या पोरीने मला हसायची गोष्ट दिली असती तर आम्ही दोघंही तिथे नसतो. हे मी तिला तिथल्या तिथे बोलून दाखवलं. ती लाजली आणि टेबलावरून दुसरं पुस्तक घेऊन आली.

"हे त्याच्याहून काळं हाय," ती म्हणाली. "नऊ जणांवर संशय."

नरसिंगने माझा हात सोडला. "करा सुरू, अप्पा. आन् बुधवारी मला झोप लागली तर उठवा."