न बोलणाऱ्याचा पत्ता

मंजुषाने हातमोजा काढला आणि लाल बटणावर उघडा अंगठा दाबला. हातमोज्यासकट ते दाबता येत नव्हतं. बटण धातूच्या कड्यात खोल बसवलेलं होतं आणि कड्याभोवती बर्फाची साय धरली होती. पेटीवरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला. तिने अंगठा उचलला, पण तो लगेच सुटेना. कातडी कड्याला चिकटली होती.

सुपरवायझर राजकुमारने पायाने क्रेट सरकवून दार उघडं धरलं होतं. दारापाशी येऊन तिने फोन कानाला लावला.

"आलं का?"

"काहीच नाही," उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसातून सत्यम म्हणाला. "परत दाब."

ती परत आत गेली. सीताफळाच्या गराच्या खोक्यांच्या रांगा छतापर्यंत गेल्या होत्या. पहिलं धरून तीनदा दाबून झालं. तिन्ही वेळा दिवा लागला, तिन्ही वेळा सत्यमचं उत्तर तेच.

"मग बटणच गेलंय."

"दिवा लागतोय, सत्यम."

"दिव्याला काय, बॅटरी पुरते. पॅकेट आपल्या सर्व्हरला आलं असतं तर इथं कॅप्चरमध्ये दिसलं असतं. कॅप्चर खोटं बोलत नाही, मॅडम."

तो तिला मॅडम म्हणायचा तेव्हा चेष्टेत असायचा. आज आवाजात चेष्टा नव्हती.

करमाडच्या या शीतगृहात राम गेल्या शनिवारी संध्याकाळी एक खोकं आणायला आत गेला. दार मागून लागलं. आतला दांडा बर्फाने धरला होता, तो हलला नाही. फोन कामगारांना बाहेर ठेवावे लागतात. रविवारी सुट्टी होती. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा तो याच पेटीखाली बसलेला सापडला.

आत कुणी अडकलं तर दाबायचं म्हणूनच ते बटण होतं. दाबलं की एक छोटं पॅकेट, म्हणजे इंटरनेटवरून धाडलेला संदेश, काकासाहेबांच्या कंपनीत जायचं, तिथे भोंगा वाजायचा आणि ड्यूटीवरचा माणूस शीतगृहाच्या मालकाला फोन लावायचा. काकासाहेब एकेकाळी गच्च्यांवरून केबल ओढायचे; आता इंटरनेट विकत होते आणि त्याच्या जोडीला ही राखणही. शनिवारी भोंगा वाजला नव्हता. शीतगृहाचे मालक म्हणाले, बटण ठीक आहे, म्हणजे त्याने दाबलं नाही. काकासाहेब म्हणाले, आमच्याकडे काही आलं नाही, म्हणजे त्याने दाबलं नाही. दोघांचं एकमत झालं ते मेलेल्या माणसावर.

"प्यालेला असंल," राजकुमार दार लावताना म्हणाला. मग तिच्याकडे न बघता त्याने भर घातली, "असं सगळे म्हणतात, मॅडम. मी नाही म्हणत."

"सोमवारनंतर या बटणाला कुणी हात लावला?"

"कोण लावणार? पोलिसांनी खोलीला कुलूपच घातलं होतं. काल संध्याकाळी उघडलं. आज तुम्हीच पहिल्या."

फाटकाजवळ, वजनकाट्याच्या कट्ट्यावर, रामची आई सुगंधाबाई बसली होती. डोक्यावरून घेतलेला पदर दातात धरलेला, शेजारी काठी. घरची मेंढरं विकून झाल्यावर तिचा मुलगा या फाटकातून आत गेला होता. छपराखालची नोकरी करणारा घरातला तो पहिलाच. मंजुषा स्कूटीपाशी आली तशी बाई उठली.

"बाई, तुमी बटनाच्या कंपनीतल्या ना?"

"हो, मावशी."

"येकच सांगा मला. त्यानं दाबलं व्हतं का?"

मंजुषाने हेल्मेट हातातल्या हातात फिरवलं.

"अजून तपासतोय, मावशी."

"नसंल दाबलं तर झोपंत गेला म्हनायचं. थंडीत झोप लागती म्हनत्यात लोकं." सुगंधाबाईने काठी कट्ट्याला टेकवून ठेवली. "दाबलं असंल तर…"

ट्रक आला, दोघी बाजूला झाल्या.

परतताना शेंद्र्याला एका कारखान्याच्या फाटकासमोर, गर्दीत मंजुषाची स्कूटी अडली. शिफ्ट सुटत होती. वॉचमन एका कंत्राटी पोराला आत सोडत नव्हता. "नाव नाय ना तुझं, मग मी काय करू?" पोरगा आतल्या ऑफिसकडे बोट दाखवत होता. वॉचमनने मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळला. गर्दी पांगली. मागून हॉर्न वाजले तरी मंजुषा जागची हलली नाही.

फाटकावरून परत पाठवलेल्या माणसाची हजेरी आतल्या मस्टरवर लागत नाही. आतला कारकून शपथेवर सांगेल, आज तो आलाच नव्हता. आणि ते त्याच्या परीने खरं असेल.

कंपनीच्या सर्व्हरवर तेच होतं. बाहेरून येणारं पॅकेट सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात शिरलं की त्याच्यासाठी मेमरीत एक चौकट तयार होते: कुठून आलं, किती लांबीचं, कुणाकडे जायचं. ही चौकट बनवण्यात वेळ जातो. गर्दी वाढली तेव्हा सत्यमने चौकट बनायच्या आधीच, नेटवर्क कार्डाच्या तोंडाशी, एक फिल्टर बसवला. फिल्टरच्या हाताशी पत्त्यांचं एक टेबल, म्हणजे यादी. पत्ता टेबलात सापडला तर पॅकेट आत, नाहीतर तिथल्या तिथे खलास. आलेल्या पॅकेटांची नोंद दाखवणारं कॅप्चर मात्र त्याच्या आतल्या बाजूला बसतं. फाटकावर मेलेलं पॅकेट त्याला कधी दिसत नाही.

ती ऑफिसात शिरली तेव्हा सत्यम डबा खात होता. कामाला तो वाघ होता. हा फिल्टर त्याने एकट्याने लिहिला होता आणि त्यानंतर कंपनीत सर्व्हर तुंबल्याची ओरड ऐकू आली नव्हती. डेस्कवर त्याच्या मुलीचा फोटो होता, अजून बारसं न झालेली.

"परवानगीच्या टेबलात करमाडचा पत्ता आहे का, बघ."

"असणारच. पेटी बसवली त्या दिवशी मीच घातलाय."

"बघ तर."

त्याने डाव्या हाताने कमांड लिहिली. उजव्या हातात घास होता. स्क्रीनवर ओळ उमटली आणि घास तसाच राहिला.

"नाहीये," तो म्हणाला.

"कुणी काढला?"

"कुणीच नाही. असं कसं… थांब." त्याने डबा बाजूला सारला. "दिवाळीला काकासाहेबांनी कॅमेऱ्यांची ऑफर काढली होती, आठवतं? धडाधड गिऱ्हाईक आलं. टेबल भरलं. साधं टेबल भरलं की नवीन पत्ता घेतच नाही. लोक शिव्या घालायला लागले. मग मी टेबलाचा प्रकार बदलला. एक शब्द बदलायचा असतो फक्त. हे टेबल भरलं की स्वतःच जागा करतं."

"कशी?"

"ज्याच्याकडून सगळ्यात जास्त दिवसांत काही आलं नाही, त्याला काढतं."

"आणि जो बोलतच नाही तो?"

"बोलत नाही तर गिऱ्हाईक कसलं ते?" तो सवयीने हसला. मग त्याचं हसू चेहऱ्यावरून उतरलं. हळूहळू, वरून खाली.

कॅमेरे दिवसरात्र बडबड करतात. थर्मामीटर मिनिटामिनिटाला बोलतात. करमाडची ती पेटी स्वस्तातली होती. बटण दाबलं तरच बोलणारी. सगळं सुरळीत असेपर्यंत तिने गप्प राहायचं, हेच तिचं काम होतं. टेबलाने सगळ्यात आधी तिलाच विसरायचं ठरवलं होतं.

"फिल्टर फेकलेली पॅकेटं मोजतो ना?" मंजुषाने विचारलं.

सत्यमने मान डोलावली. दुसरं एक टेबल होतं, कुठल्या पत्त्यावरची किती पॅकेटं फेकली त्याचं. डिस्कवर कुठे लिहिलेलं नाही, फक्त मेमरीत. फिल्टर चालू असेपर्यंत जिवंत.

"तूच बघ," तो म्हणाला आणि खुर्ची मागे घेतली.

मंजुषाने करमाडचा पत्ता टाकला. पेटी एका दाबाला एकच पॅकेट सोडायची, उत्तराची वाट बघायची नाही. सकाळी तिने तीनदा दाबलं होतं. आकडा तीन असता तर तिने घरी जाऊन जेवण केलं असतं.

तिने मनात तीन वजा केले. उरलेला आकडा तिने दोनदा वाचला. मग हात मांडीखाली घेऊन बसली, जणू खोलीत गारठा होता.

सत्यमने वाकून बघितलं नाही. "लई आहे का?" एवढंच विचारलं.

काकासाहेब चारच्या सुमारास आले. त्यांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं, मध्ये एकदा चष्मा पुसला.

"हे बघ बेटा," ते मंजुषाला म्हणाले, "बटण खराब म्हटलं तर शीतगृहवाले आपल्यावर उलटतील. फिल्टर म्हटलं तर हा पोरगा आत जाईल. दाबलंच नाही म्हटलं तर कुणावरच काही येत नाही. मेलेला माणूस तर येणार नाही परत."

"त्याची आई रोज फाटकावर बसते, काका."

"तिला काय पाहिजे? लेकरू तडफडून गेलं, हे ऐकायचंय का तिला?"

हाच प्रश्न मंजुषा दुपारपासून स्वतःला विचारत होती.

"सत्यम, ते टेबल दुरुस्त करून नवा फिल्टर आजच चढव. उद्या अकराला लेबरचे इन्स्पेक्टर करमाडला येतायत. जबाब मंजुषा देईल. तिचं बोलणं सरळ असतं."

"नवा चढवला की जुन्याची मेमरी जाते, काका," सत्यम म्हणाला. "आकडे पण."

काकासाहेब दाराशी थांबले. "त्यातलं मला कळत नाही," ते म्हणाले आणि जिना उतरले.

सत्यमने नवा फिल्टर तयार केला. या वेळी न बोलणाऱ्यांसाठी वेगळं टेबल ठेवलं, त्यांना कुणी काढणार नाही असं. त्याने ते दोनदा तपासलं. कमांड लिहून झाली तेव्हा त्याचं बोट एन्टरच्या कळीवर टेकलेलं होतं.

"चढवू?"

तो स्क्रीनकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. ती आकडा एका कागदावर उतरवू शकली असती. सत्यमला थांब म्हणू शकली असती. तिला वजनकाट्याचा कट्टा दिसला आणि दातात धरलेला पदर. झोपंत गेला म्हनायचं.

तिने काही म्हटलं नाही. त्याने कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी मंजुषा नऊलाच करमाडला पोचली. सुगंधाबाई तिच्या आधी येऊन बसली होती. आज तिच्या ओच्यात ज्वारीची भाकरी फडक्यात बांधलेली होती. ती तिने मंजुषासमोर धरली. मंजुषाने तुकडा मोडून घेतला. बाई तिच्याकडे बघत राहिली, घाई न करता, कळपाकडे बघावं तशी.

"मावशी," मंजुषा म्हणाली, "तपासलं आम्ही. दाबलं नव्हतं त्याने. झोपेतच गेला तो."

सुगंधाबाईने हळूच मान हलवली. भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं. गाठ मारायला तिला वेळ लागला.

"सुपरवायझर बी असंच म्हनला," ती म्हणाली. "मालक घरी आलता, त्यो बी. पोलीस बी."

"हो, मावशी."

"घाटीच्या दवाखान्यातून आनला तवा म्या त्याचा हात धरून बसले व्हते. नेईस्तवर सोडला नाय." तिने आपला उजवा अंगठा वर केला आणि दुसऱ्या हाताने त्याचं टोक धरलं. "हितली कातडीच नव्हती, बाई. पार लाल मांस."

मंजुषाच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. कालपासून तिच्या अंगठ्याच्या टोकावर एक ठिपका चुरचुरत होता. तीन वेळा दाबल्याचा.

"मग मला का विचारलंत?"

"येक तरी खरं सांगल म्हनून." सुगंधाबाईच्या आवाजात राग नव्हता. "म्या ज्याला त्याला इचारते. तुमी शेवटच्या."

फाटकासमोर पांढरी जीप येऊन थांबली. राजकुमार आतून धावत आला आणि त्याने दोन्ही पल्ले उघडले. जीपमधून उतरलेल्या माणसाने इकडेतिकडे बघितलं आणि घड्याळ पाहिलं. तो वेळेच्या बराच आधी आला होता.

मंजुषा उठली नाही. मेमरीतलं टेबल कालच गेलं होतं. आकडा आता एकाच ठिकाणी उरला होता.

तिने तो सुगंधाबाईला सांगितला.

बाईला तो नीट उमगला नसावा. तिने हात मांडीवर उताणा ठेवला, अंगठा करंगळीच्या तळाच्या पेरावर टेकवला आणि दाबला. मग वरच्या पेरावर. मग त्याच्या वरच्या. प्रत्येक पेर ती जोर लावून दाबत होती आणि दाबल्यावर थोडं थांबत होती.

"इन्स्पेक्टर साहेब आलेत, मॅडम," राजकुमारने हाक मारली. "जबाब द्यायला तुम्हाला बोलावलंय."

"येते," मंजुषा म्हणाली. "यांचं होऊ द्या."

एका हाताची पेरं संपली. सुगंधाबाईने दुसरा हात उघडला.