गिटार थांबण्याची जागा

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, त्या दिवशी गावात इतके पाहुणे उतरतात, की रात्रीच्या नाटकाला जागा धरण्यासाठी बायका दुपारीच मांडवात चादरी अंथरून जातात. कलाबाईनेही अगदी पुढे चादर टाकली होती, पण नाटकासाठी नव्हे. नाटकाआधी तिच्या पोराचं, राजदीपचं गाणं होतं आणि त्या गाण्यात तिचं नाव येणार होतं.

राइस मिलच्या पट्ट्यात तिचा डावा हात सापडला, दोन बोटं गेली. मिलवाल्यांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, कलाबाई नावाची बाई आमच्याकडे कधी कामालाच नव्हती. तेव्हापासून राजदीपच्या डोक्यात एकच होतं. ते नाव भोंग्यावरून साऱ्या गावाला ऐकवायचं.

गिटार ओमेश्वरची. दोघं गोंदियाच्या कॉलेजात एका बाकावर बसणारे. राजदीपला रॅपचा नाद, ओमेश्वरला मेटलच्या दणदणाटी गिटारीचं वेड. ओमेश्वरच्या घरच्या धानाच्या कोठीत दोघांनी ही दोन तऱ्हेची गाणी एकात घालायचा घाट घातला, तेव्हा आधी काही जमेना. गिटार सुरू झाली की शब्द चिरडले जात, शब्द सुरू झाले की गिटार अवघडून उभी राही. शेवटी राजदीपनेच वाट काढली.

"सारं गाणं तू आग लावल्यासारखा वाजव. पण मायचं नाव आलं का थांबायचं. चार ओळी मी एकटाच म्हणतो. मंग पुन्हा तुटून पड."

बाकीचा सगळा गोंगाट त्या चार ओळींच्या शांततेसाठी आहे, हे ओमेश्वरला सरावातच कळत गेलं. ती जागा आली की त्याच्या अंगावर काटा यायचा.

ओमेश्वरचे बाबूजी, धनलाल, मंडई समितीचे अध्यक्ष होते, म्हणून तर मंच मिळाला. मिलचे शेठ पाहुणे म्हणून येणार, हे पोरांना कळलं ते दिवेलागणीला, शेठ समोरच्या सोफ्यावर येऊन बसल्यावर.

त्यांच्या जोडीला ड्रम वाजवणाऱ्या तिलकने पहिला घाव घातला आणि गिटार गरजली. मागून कोणीतरी ओरडलं, "धान चुराची मशीन आणली का बे?" मळणीयंत्राचं नाव ऐकून सारा मांडव हसला. पण पोरं उठून नाचायला लागली. राजदीपचं पहिलं कडवं मिलवर होतं, पट्ट्यावर, कोंड्यावर. ते कानावर पडताच धनलाल उठले, मंचाच्या कडेला साउंडवाल्या बिसरामजवळ गेले आणि त्याच्या कानाला लागले.

बिसरामने एकदा ओमेश्वरकडे पाहिलं. मग राजदीपच्या माइकचा आवाज हळूच पार खाली आणला.

मांडवात कोणालाच काही उमगलं नाही. गिटार आणि ड्रम धडधडतच होते, पोरं नाचतच होती. राजदीप गळ्याच्या शिरा ताणून म्हणत होता आणि भोंग्यातून त्याचं एक अक्षर बाहेर पडत नव्हतं. ओमेश्वरने बिसरामकडे पाहून मान हलवली, डोळे वटारले. बिसराम वायरी पाहत राहिला. बाबूजींकडे पाहिलं, तर ते शेठपुढे पानाचं ताट धरून उभे.

थांबायची जागा जवळ येत होती. आता हात थांबवला, तर बंद माइकपुढे तोंड उघडून उभा असलेला राजदीप साऱ्या गावाला दिसेल. आत्ता मशीन म्हणून हसले, तेच लोक याला हसतील. ओमेश्वरला ते डोळ्यांपुढे दिसलं.

कलाबाईने कानावरचा पदर मागे सारला होता.

ओमेश्वर थांबला नाही. तिलकने काड्या उचलल्या होत्या, त्याला त्याने मानेनेच 'चालू ठेव' म्हटलं. राजदीपने झटकन वळून पाहिलं, तो काहीतरी ओरडला, आणि त्या चार ओळी निघून गेल्या.

टाळ्या जोरात झाल्या. शेठनीही वाजवल्या.

मांडवामागे राजदीप वायर गुंडाळत होता. वर न पाहताच म्हणाला, "थांबला काऊन नाही बे?"

"तुझा माइक..."

"बंद होता. मालूम होतं मले. इतका बहिरा नाही मी."

"मंग म्हणत काऊन राहिला?"

"माय समोर बसून होती ना. तू थांबला असता त बिना माइकचं बी तिले ऐकू आलं असतं. आजूबाजूच्या बायाइले आलं असतं."

ओमेश्वर म्हणाला, "बाबूजीनं बंद करायला लावला."

"तुझ्या बाबूजीचं सोड. मी तुले विचारून राहिलो."

तुला कोणी हसू नये म्हणून वाजवत राहिलो, हे ओमेश्वर आता जन्मात म्हणू शकला नसता.

तेवढ्यात कलाबाई चादर काखेत मारून आली. "घेतलं का रे माझं नाव?"

"घेतलं, माय."

"मले नाही आलं ऐकू. हा पोट्टा लय जोरानं वाजवते." ती हसली आणि तीन बोटांच्या हाताने तिने ओमेश्वरच्या पाठीवर थोपटलं. "पण चांगलं वाजवते हो."

"मावशी, तो आता म्हणते," ओमेश्वर घाईने बोलला. "राजदीप, म्हण ना. इथंच म्हण. मी हात बी लावत नाही गिटारीले."

राजदीपने वायर खाली ठेवली. आईकडे पाहिलं. ओठ उघडले.

"थांब बा," कलाबाई म्हणाली, "तिकडे काहीतरी सांगून राहिले." आणि तिने मान वळवून भोंग्याकडे कान दिला.

समितीतर्फे आभार चालले होते. मिलच्या शेठचं नाव, मग त्यांच्या वडिलांचं नाव, मग पुन्हा शेठचं. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.