जॉलीचं नाव घे

आधी मिशी. तिच्याशिवाय ही गोष्ट उभी राहत नाही.

इंद्रभानची मिशी दाट, काळी आणि टोकांना जरा आगाऊ होती. सासरी आल्यावर कोकिळेला सगळ्यात आधी तीच आवडली, नवरा मागाहून. आणि आता त्याच मिशीवर वस्तरा येऊ घातला होता.

कारण नाटक. गावातले सुधाकर मास्तर दरसाल नाटक लिहीत, बसवत आणि नायिकाही स्वतःच होत. त्यांचे वडील कधीचे वारले होते, त्यामुळे ओठ तासायला त्यांना मुभा होती. इंद्रभानचा बाप पुंजाजी मात्र ठणठणीत होता, दोन भाकरी जास्तीच्या खात होता. बाप जिवंत असताना मुलानं मिशी काढणं म्हणजे बापाच्या दारात तिरडीचे बांबू आणून टाकणं.

यंदाच्या नाटकात एक साहेब होता. काम इंद्रभानला मिळालं. मिशी चालणार होती, नव्हे, हवीच होती. अडचण एका शब्दाची. बुलढाण्याला टेनिस खेळणाऱ्या साहेबलोकांच्या तोंडून मास्तरांनी तो इतक्यांदा ऐकला होता की त्याशिवाय साहेब म्हणजे बिनमिठाचं वरण, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

जॉली.

बालाजीच्या जत्रेला देऊळगाव राजात खेळ होता आणि शाळा तपासणारे गोरे साहेब पुढं बसणार होते. मास्तरांनी इंद्रभानला बजावलं की पहिल्या अंकात हा शब्द एकदा जरी वाकडा पडला, तर मध्यंतरात अदलाबदल होईल. टोपी मास्तर घालतील, साडी इंद्रभान नेसेल. न्हावी पेटी घेऊन पडद्याआड बसलेलाच असेल. साडीत मास्तर उकडून निघत. त्यांना ही अदलाबदल काही वाईट वाटत नव्हती.

पुंजाजीनं ऐकलं आणि बैलाला पाणी पाजता पाजता सांगून टाकलं, "मिशी गेली त घरात पाय ठेवू नको. माही तेरवी करून मंगच ये बे."

(इथे पडदा पडायला हवा. पण पडदा मास्तरांच्या घरी धुवायला गेलाय. पुढं चला.)

शब्द मोठा लबाड होता. नुसता आला तर खुशालचेंडू माणूस. दुसऱ्या शब्दापुढं बसला तर 'लई': जॉली गुड, जॉली कोल्ड, दुःखात जॉली सॅड. मागं 'वेल' लावून हुकूम सोडला तर दटावणी. एखादा दोन घोट घेऊन डुलत असला, तर तोही जॉलीच. इंद्रभान हे सगळं मास्तरांकडून ऐकून यायचा आणि वाटेतल्या नाल्यात सांडून यायचा. उरलेलं जात्यापाशी बसून कोकिळेला सांगायचा. कोकिळेला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण पीठ गळता गळता तिनं त्या शब्दाची खोड ओळखली.

"आपल्या 'बे'सारखा हाय तो," ती म्हणाली. "मैतराले म्हटला त गोड. सासऱ्याले म्हटला त चप्पल. शब्द तोच. कोनापुढं बसवला ते पाहा लागते."

मग काय. घरात जॉलीचा सडा पडला. भाकर जॉली गरम. शेळी जॉली हट्टी. शेजारचा बुढा बाजारातून डुलत आला, तर कोकिळा पदरात तोंड लपवून म्हणाली, आज बुढेबाबा जॉली हायेत. इंद्रभान चुकला की ती बरोबर करून सांगायची, तो पुन्हा म्हणायचा, ती हसायची, आणि जात्यातली ज्वारी तशीच राहायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातच रंगीत तालीम झाली. इंद्रभाननं जॉली असा काही फेकला की लोकांनी टोप्या उडवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव त्याला 'जॉली' म्हणू लागलं. गुराखी म्हणाला, तेली म्हणाला. पुंजाजीनंही गोठ्यातून हाक दिली, "ए जॉली, वैरण टाक."

आणि चुलीपाशी कोकिळा म्हणाली, "आत्याबाई, दूध जॉली गरम हाय, जपून."

गोजरबाईनं, म्हणजे तिच्या सासूनं, कपाळावर हात मारला.

"नवऱ्याचं नाव घेतलं वं माय तुनं. तोंडानं. सरळ."

कोकिळेनं सांगून पाहिलं की नाव इंद्रभान आहे. गोजरबाई ऐकेना. गाव ज्या नावानं हाक मारतं ते नाव. ती स्वतः फार कडक बाई. नवरा पुंजाजी, म्हणून लग्नापासून तिनं कापसाच्या पुंजक्याला पुंजका म्हटलं नव्हतं. 'तो पांढरा गोळा' म्हणायची. पूजासुद्धा जवळ जाते म्हणून 'देवाचं करणं'. अशा घरात सुनेनं उठसूट जॉली म्हणावं?

शब्द बंद झाला. ज्या एका तोंडात तो नीट बसत होता, त्या तोंडाला कुलूप लागलं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मास्तरांनी नवा प्रवेश लिहिला: साहेबाचा घोडा मरतो. घोडा म्हणजे घोंगडीखाली दोन गडी. घोडा आडवा झाला, इंद्रभाननं टोपी काढली, मान खाली घातली आणि दुःखानं म्हणाला, "जॉली हॉर्स."

मेलेला घोडा हसला. पुढचे पाय आधी, मग मागचे.

मास्तर हसले नाहीत. मेलेल्या घोड्याला मौजी घोडा म्हणाला होता तो. मास्तर इंद्रभानच्या मिशीकडे बघत राहिले, शिंपी कापडाकडे बघतो तसे.

घरी येऊन इंद्रभाननं कोकिळेला विचारलं, काय म्हणायचं होतं? कोकिळेनं तोंड उघडलं, ओसरीत बसलेल्या सासूकडे पाहिलं आणि मिटलं. हातवारे केले. घोडा मरून दाखवला. दोनदा मेली ती अंगणात, पण शब्दाशिवाय कळेना. इंद्रभाननं मिशी कुरवाळली, निरोप दिल्यासारखी.

मग कोकिळेला एकदम आठवलं. नाव घ्यायची एक वाट आहेच की. मंगळागौरीला, बारशाला, उंबऱ्यावर अडवल्यावर सगळ्या बाया त्याच वाटेनं नवऱ्याचं नाव घेतात, आणि सासवा वर कौतुक करतात. ती सासूपुढं जाऊन उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली:

"कापूस वेचून भरली खोली,
पीक आलं जॉली गुड, अन् धनी माहा जॉली."

गोजरबाईनं डोळे बारीक केले. उखाणा होता. यमक होतं. नियमात होतं.

"घे आखीन," ती म्हणाली.

आखीन, आखीन! कोकिळा पाण्याला जाताना उखाणा, शेण थापताना उखाणा. शेजारणी कुंपणाला लटकल्या. इंद्रभान मागं मागं फिरून पाठ करू लागला. दटावणीचा असा होता:

"चोर कोंडला, बंद खोली,
'जॉली वेल' म्हणून दटावते, रागातबी गोड माहा जॉली."

आणि घोड्याचा... तो जत्रेतच ऐका.

देऊळगाव राजा. पेट्रोमॅक्स पेटलेले, जत्रेचा धुरळा, पुढं खुर्चीत गोरे साहेब, उजवीकडे बायका. पडद्याआड मास्तर साडीत, त्यांच्या शेजारी न्हावी मांडीवर पेटी घेऊन. पहिला अंक सुरळीत सरत आला. मग घोडा मेला. इंद्रभाननं टोपी काढली आणि पुढचा शब्द त्याला सापडेना. घोंगडी वाट पाहत होती. न्हाव्यानं पेटीची कडी काढली. ती कट्ट आवाज करून उघडली.

बायकांमध्ये बसलेल्या कोकिळेनं तो आवाज ऐकला. भरल्या जत्रेत, सासऱ्यादेखत सुनेनं ओरडायचं नसतं. पण उखाणा घ्यायला कोणाची ना नसते. ती उभी राहिली.

"घोडा मेला, माती ओली,
'जॉली सॅड' म्हणा धनी, मेल्या घोड्याले नका म्हणू जॉली."

बायकांनी टाळ्या पिटल्या. इंद्रभाननं छाती भरून घेतली आणि असा काही 'जॉली सॅड' सोडला की घोंगडीखालून हुंदका आला. मागच्या पायांचा होता, खरा होता.

गोऱ्या साहेबाला वाटलं, ही बाई नाटकातलीच. तो खुर्चीतून उठला, मांडीवर थाप मारून हसत म्हणाला, "जॉली गुड!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. गोजरबाई हळूहळू उभी राहिली.

"त्यानं नाव घेतलं," ती म्हणाली. "अन् उखाना?"

मग जे झालं ते आवरणं कोणाच्या हातात नव्हतं. उजवी बाजू अख्खी ओरडू लागली, उखाणा, उखाणा. मास्तर साडीचा सोगा आवरत धावत आले आणि घामाघूम होऊन साहेबाला इंग्रजीत समजावू लागले. साहेबानं टोपी काढली, थोडा विचार केला आणि तालात काहीतरी म्हणाला. कोणाला कळलं नाही. पण शेवटी जॉली आला, आणि गोजरबाईनं मान डोलावली. चालेल, म्हणाली, बिचाऱ्याले माय नाही शिकवाले इथं.

मध्यंतर झालं. मास्तर साडीतच राहिले. न्हावी पेटी बंद करून भजी खायला गेला, आणि पुंजाजीनं लेकाच्या मिशीकडे बघत स्वतःच्या मिशीला पीळ दिला.

परतताना गाडीत इंद्रभाननं कोकिळेच्या कानाशी विचारलं, कसं झालं माझं काम?

कोकिळेनं तोंड उघडलं. पुढं गाडीवर बसलेल्या सासूनं लगेच मान वळवली.

"थांबा," कोकिळा म्हणाली, "यमक जुळू द्या."