कांदाच आहे, साहेब

“अहो, हे काय आहे?” पाहुण्याने काट्याने बशीतला किडा दाखवला आणि काकांचा हात आपसूक पुढे गेला. किडा उचलून तोंडात टाकला, दोनदा चावून गिळलासुद्धा. “कांदाच आहे, साहेब. जरा जास्त तळलाय.”

टेबलावरचे सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

काका या हॉटेलातले सगळ्यांत जुने वाढपी. जेवणात माशी निघो नाहीतर झुरळ, गिऱ्हाइकाने बोट दाखवताच ते खाऊन टाकायचं आणि कांदा म्हणायचं, हे त्यांचं कसब. पुरावा पोटात गेला की भांडण मिटायचं. जुने मालक म्हणायचे, “तू आहेस म्हणून अब्रू राहिली.” घरी मात्र काकांनी याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

पण आज बशीत होते ते मुद्दाम तळलेले नाकतोडे, नव्या मालकांनी मेनूत आणलेला महागडा पदार्थ. सकाळी काकांना सगळं समजावलं होतं, त्यांना कळलंही होतं. हाताला कोण सांगणार? पाय मोडून घरी बसल्यानंतर आज ते पहिल्यांदाच कामावर आले होते आणि मॅनेजर त्यांना काढायला निमित्त शोधत होता. आता ते आयतंच मिळालं होतं.

पाहुणा मात्र पोट धरून हसायला लागला. “मी पदार्थाचं नाव विचारत होतो हो! काका, परत एकदा करा ना. मोबाइलवर घेतो.”

“चूक झाली साहेब, दुसरी प्लेट आणतो...”

“करा की काका,” मागून मॅनेजर गोड आवाजात म्हणाला. “एवढं काय त्यात?”

काकांनी दुसरा नाकतोडा उचलला. आयुष्यभर जे कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून झटकन उरकलं, ते आता सावकाश, मान वर करून केलं. “कांदाच आहे, साहेब.” शेजारच्या टेबलांवरूनही टाळ्या आल्या. शरमेने त्यांचे कान तापले.

“छुपे रुस्तम निघालात!” मॅनेजरने त्यांच्या पाठीवर थाप मारली. “उद्यापासून प्रत्येक टेबलावर हेच करायचं.”

दुपारी घरी बायको दारातच उभी होती. “काय झालं? ठेवलं ना कामावर?”

“ठेवलं.”

तिचा जीव भांड्यात पडला. “मी म्हटलं नव्हतं? तुमच्यासारखं काम येतंय कुणाला!” तिने लगबगीने ताट वाढलं आणि कौतुकाने समोर बसून राहिली.

काकांनी घास उचलला, परत ताटात ठेवला.

“तू जरा आत जा,” ते म्हणाले. “कुणी बघत असलं की खाता येत नाही मला.”