उतारावरचं तेल

मन्मथअप्पाला ट्रॅक्टर उतारावर उभा करण्यात नफाच नफा होता. बॅटरी मरायला टेकलेली, नवी घ्यायची तर खिशात हात घालावा लागणार, आणि उतार काही भाडं मागत नव्हता. रात्री दारापुढच्या घसरतीवर वढ्याकडं तोंड करून ट्रॅक्टर लावायचा, चाकाला दगड द्यायचा. सकाळी दगड काढला की ट्रॅक्टर घरंगळायचा, अप्पा क्लच सोडायचा, इंजिन धडधडायला लागायचं. स्वतःच्या किराणा दुकानातनं त्यानं कुणाला कधी फुकट गूळखडा दिला नाही. पण उतारानं त्याला रोज दिलं.

दिवाळी सरली होती. कापसाच्या वावरांवर दंव पडायला लागलेलं आणि ऊसतोडीला जाणाऱ्या ट्रॅक्टरांची डागडुजी सुरू झालेली. अप्पानंही आदल्या दिवशी चौसाळ्याला खाजामियाँच्या ग्यारेजात ऑईल बदलून आणलं. सकाळी त्याला वाटलं, एकदा बघावं. विश्वास ठेवावा, पण माप घेऊन ठेवावा, अशी त्याची रीत. त्यानं इंजिनातली ऑईलची दांडी ओढली, गमज्यानं पुसली, आत घातली, परत काढली. दांडीवर दोन खुणा असतात. तेल दोन्हींच्या मधी पायजे, नवं भरलं की वरच्या खुणेला. इथं खालच्या खुणेलाही तेल शिवलं नव्हतं.

"शिवम्मा, भाईर ये. खाजानं तेल खाल्लं बग."

शिवम्मा, त्याची बायको, भाकरी थापता थापता आतूनच म्हणाली, "खाल्लं तर पचायचं न्हाई त्याला. नीट बगा आदी."

अप्पानं नीट बघितलं नाही. घरासमोरच्या हॉटेलापुढं उभं राहून खाजामियाँला फोन लावला आणि चहा पिणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

तो फोन आला तेव्हा राधाकिशन मुकादम खाजामियाँच्या ग्यारेजातच बसला होता. ऊसतोड टोळ्या नेणारा माणूस, त्याच्या हाताखाली पाच ट्रॅक्टर. पाचही ट्रॅक्टर या हंगामाला दुरुस्तीसाठी खाजामियाँकडं लावायचे, असं ठरत आलं होतं. फोन ऐकून मुकादम म्हणाला, "चल, मीबी येतो. बगू तरी."

खाजामियाँ मोटारसायकलवरनं उतरला तो बोलतच.

"अप्पा, मी तेल खाल्लं म्हन्ता?"

"मी कावून म्हनू? दांडी म्हन्तिया."

"मिसरूड फुटलं न्हवतं तवापासून हाच धंदा हाय माजा. कुनाचा थेंब ठिवला का?"

"थेंबाचं कोन बोलतंय बे? मी लिटराचं बोलतोय."

हॉटेलातली माणसं हसली. खाजामियाँनं दांडी ओढली, पुसली, घालून काढली. कोरडी. मुकादमानं मागून मान लांब करून बघितलं आणि काही बोलला नाही. मुकादमाचं न बोलणं महाग असतं.

"कसम खातो, वरच्या खुणेपतुर भरलं व्हतं," खाजामियाँ म्हणाला.

"मग गेलं कुटं? खाली एक टिपूस न्हाई."

प्रश्न बरोबर होता. पण चोर म्हटलेला माणूस पायाखालची जमीन बघत नाही, समोरची तोंडं बघतो. खाजामियाँनं पिशवीतनं दोन सीलबंद डबे काढले आणि सगळ्यांदेखत ओतले. आता तेल वरच्या खुणेला आलं.

"झालं समादान?"

"माजं काय, दांडीचं झालं," अप्पा म्हणाला आणि चाकाखालचा दगड काढला.

ट्रॅक्टर वढ्याकाठच्या सपाटीवर पोचेपर्यंत सुरू झाला. मग असा निळा धूर निघाला की हॉटेलवाल्यानं भज्यांवर परात उपडी घातली. चढावर म्हातारा बैल धापा टाकतो तसं इंजिन धापा टाकायला लागलं, जोडातनं तेल पाझरू लागलं.

"बंद करा, अप्पा, बंद करा," खाजामियाँ धावत म्हणाला.

शिवम्मा पिठाच्या हातानंच खाली आली होती. "एक इचारू का? दुकानात गोडंतेल मोजताना माप कलतं धरतो का आपुन?"

तिनं वरच्या उताराकडं बोट केलं.

"ट्रॅक्टर रातभर नाकावर उबा. तेल सारं म्होरं पळालं आसंल. तुमची दांडी तर मागल्या अंगाला हाय."

खाजामियाँ तिथंच ढेकळावर बसला. तेल खाली उतरेपर्यंत थांबला, मग त्या सपाटीवर दांडी बघितली. वरच्या खुणेच्याही वर दोन बोटं तेल. त्यानं खाली घमेलं लावून नट ढिला केला, धार सोडली, आवळला, थांबला, बघितलं. परत सोडली. असं करत करत तेल खुणेला आणलं. इंजिन सुरू केलं, तर धूर हळूहळू निवळला.

अप्पाची नजर घमेल्यावर. "आमच्या इंजिनातनं निगालं म्हंजी ते आमचंच म्हनायचं की."

शिवम्मानं घमेलं उचललं, फडक्यातनं गाळून तेल डब्यांत भरलं आणि डबे मोटारसायकलला अडकवले. "ज्याचं त्याला. आन तोंडानं बोला कायतरी."

"खाजा, तुजं माप बराबर व्हतं," अप्पा पुटपुटला.

"जोरात म्हना. सकाळी जोरात म्हन्ले व्हते."

अप्पा जोरात म्हणाला. हॉटेलातल्यांनी ऐकलं.

खाजामियाँनं हात पुसले. "मुकादम, ऐकलं न्हवं? मग उद्या ट्रॅक्टर लावून द्या."

मुकादमानं सुपारीचं खांड दाढंखाली सरकवलं. "तू इमानदार हाइस, खाजा. शक न्हाई. पर अप्पा दुकानदार, त्यानं उतारावर बगितलं तर चालतंय. तू मिस्तरी. तूबी तितंच बगितलंस."

"गुस्सा आलता, मुकादम."

"हंगामात रोजच येतो. ट्रॅक्टर मी तेलगावच्या ग्यारेजात लावतो."

खाजामियाँनं मोटारसायकल सुरू केली. मुकादमाला जायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो त्याच्याच मागं बसला.

संशय घेतला अप्पानं. त्याचा एक रुपया गेला नाही. खाजामियाँचा हंगाम गेला, आणि मुकादमाला चौसाळ्यापर्यंत पोचवायचं पेट्रोलही त्याचंच जळलं.