पेगची चूक

त्या रविवारी पेगनं अकॉर्डियन मागच्या सीटवर ठेवलं, त्याला नीट पट्टा बांधला आणि स्वतः पुढे येऊन बसली. स्वतःचा पट्टा लावायचं मात्र विसरली.

"पेटीला पट्टा, आणि तुला?" तिच्या लेकीनं, डर्वलानं, गाडी सुरू न करताच विचारलं.

"पेटी पडली तर दुरुस्त करणारा एकच माणूस उरलाय, तोही पार कॉर्कला. मी पडले तर एनिसला डॉक्टर ढिगानं आहेत. चल."

किलरशला नाचाची स्पर्धा होती. त्या भागात अशा स्पर्धांना फेश म्हणतात, आणि वसंतात बहुतेक रविवारी कुठे ना कुठे फेश असतेच. पेग टुबरिडी तरुणपणापासून या स्पर्धांना वाजवत आली होती. डर्वला लहानपणी तिच्याबरोबर नाचायला जायची. आता चाळिशी ओलांडल्यावर, गावच्या ग्रंथालयातली नोकरी सांभाळून, आईला पोचवायला जायची.

हॉलच्या बाहेर नेहमीसारखीच धांदल होती. आया गाड्यांची दारं उघडी टाकून लेकींच्या डोक्यावर कुरळ्या केसांचे टोप बसवत होत्या, मोजे खाली घसरू नयेत म्हणून पोटऱ्यांना डिंक लावत होत्या. केसांचा फवारा आणि व्हिनेगर घातलेल्या बटाट्यांचा वास एकमेकांत मिसळला होता. आत रंगमंचाच्या कडेला, जरा मागच्या बाजूला पेगची खुर्ची होती. त्या खुर्चीच्या मागे, जरा बाजूला, डब्लिनहून आलेली रोशीन कॅमेरा लावून उभी होती. मोनिका हॅनरहनच्या नाचाच्या शाळेवर ती माहितीपट करत होती आणि शरद ऋतूपासून त्यांच्या मागे मागे हिंडत होती. आज परीक्षकांनी तिला समोर उभं राहायला बंदी केली होती. कॅमेरा दिसला की पोरी बावचळतात, असं त्यांचं म्हणणं.

"इथून मला काय दिसणार? पोरींच्या टाचा?" रोशीन कुरकुरली.

"मग आणखी काय बघायचंय?" पेग म्हणाली. "माझा सगळा जन्म इथनंच बघण्यात गेलाय. खुर्ची तेवढी चांगली दिली नाही कुणी."

दुपारी मोनिकाची शिष्या मेव जड बुटांचा नाच करायला उभी राहिली. नाच निम्म्यावर आला होता, बूट फळीवर ठणठणत होते, आणि अचानक अकॉर्डियनमधून एक भलताच सूर किंचाळला. धून कोसळली. पोर थबकली. पेगनं एक हात वर केला.

"माझी चूक. माफ करा हं."

परीक्षकांनी घंटा वाजवली. वाजवणाऱ्याची चूक झाली की ती नाचणारीच्या माथी मारायची नाही, तिला पुन्हा नाचू द्यायचं, हा तिथला जुनाच रिवाज. मेव खाली गेली. थोड्या वेळानं परत आली आणि एकही पाऊल न चुकता नाचली.

डर्वलाच्या मागच्या रांगेत दोघी कुजबुजत होत्या.

"पेगची बोटं गेली गं आता."

"एनिसलाही असंच झालं होतं की. कुणीतरी सांगायला हवं तिला."

डर्वलाचे कान तापले. घरी जाताना तिनं विषय काढलाच. "आई, बोटं दुखतात का तुझी?"

"नाही."

"लोक बोलतात."

"बोलू दे. टोपात पिना खोचून झाल्यावर त्यांनी तरी दुसरं काय करायचं?"

"पुढच्या वर्षी थांबलीस तर? कुणी थांब म्हणायच्या आत आपणच थांबावं."

पेगनं खिडकीतून कुंपणांवर फुललेला पिवळा काटेरी गॉर्स पाहिला. "बघू," ती म्हणाली. "आधी चहा."

घरी आल्यावर ती उभ्या उभ्याच सोडा ब्रेडवर मुरांबा लावून खाऊ लागली. डर्वला रागावली तर म्हणाली, दिवसभर बसूनच तर होते. पेटीवर तिनं नेहमीचं लोकरी पांघरूण टाकलं आणि शेगडीतली राख सकाळी आठवणीनं काढायला सांगितली. सकाळी डर्वलानं राख काढली, चहा ओतला, हाक मारली. पेग उठली नाही. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. ते एनिसहूनच आले होते.

रीतीप्रमाणे पेगला बाहेरच्या खोलीत अंत्यदर्शनासाठी ठेवलं. सगळा गाव येऊन गेला. स्वयंपाकघरात शेजारणी सँडविच कापत होत्या, किटली खाली उतरत नव्हती. एका म्हाताऱ्या वादकानं डर्वलाचा हात हातात घेतला. "काय वाजवायची तुझी आई! शेवटी शेवटी जरा... पण काय वाजवायची!"

माणूस भला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ते 'जरा' डर्वलाच्या मनात काट्यासारखं मोडून राहिलं. शोक तिला कळत होता. त्यावर लिहिलेली पुस्तकं ग्रंथालयाच्या कपाटात होती आणि तिनं त्यातली बरीच वाचलीही होती. आईच्या साऱ्या वाजवण्यापुढे लोक तेवढं एक 'जरा' लावून निघून जातील, यावर मात्र कुठल्याच पुस्तकात काही नव्हतं.

उन्हाळा सरता सरता रोशीनचा फोन आला. माहितीपट पुरा होत आला होता.

"तुम्हाला विचारायचं होतं," ती चाचरत म्हणाली. "किलरशचा तो भाग... जिथे तुमच्या आईंचं वाजवणं मोडलं..."

"काढून टाक."

"काढते की. तुम्ही म्हणाल तसं. पण त्यांचं शेवटचं वाजवणं तेवढंच आहे माझ्याकडे. एकदा बघा. मग काढू."

रोशीन शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन घरी आली. मोनिकाही आली, ॲपल पाय घेऊन. दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं गेल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि गप्प बसल्याचंही. पण पडद्यावर पेग दिसली तशी तीसुद्धा गप्प झाली.

डर्वलानं तो नाच हॉलमध्ये बसून पाहिला होता. पण समोरून, सगळ्यांसारखा: पोरीचा चेहरा, कुरळा टोप, चमचमणारा झगा. इथे कॅमेरा मागे होता. पुढ्यात आईचा गाल, भात्यावरचा हात, आणि त्यापलीकडे मेवच्या टाचा. आई पेटीकडे बघतच नव्हती. हॉलकडेही नाही. तिचे डोळे त्या टाचांना चिकटले होते.

"थांबव," डर्वला म्हणाली. "जरा मागे घे."

तिनं खुर्ची पुढे ओढली. स्वतः इतकी वर्षं नाचलेली बाई. कुठे बघायचं ते तिला शिकवावं लागलं नाही. मेवच्या डाव्या बुटाचा पट्टा बकलातून निसटला होता. आधी जरासा, मग पुरता. बूट टाचेपाशी सैल झाला. पोरीला अजून पत्ता नव्हता. पुढच्याच ठेक्याला उंच उडी होती, आणि त्या बुटावर उतरली असती तर घोटा गेला असता. पेगचे डोळे बारीक झाले. आणि मग तिचं बोट पेटीच्या पार दुसऱ्या टोकाच्या बटणावर गेलं. शांतपणे, दाराची कडी लावावी तसं.

भलताच सूर किंचाळला.

"बोट घसरलं तर शेजारच्या बटणावर जाईल ना," डर्वला हळूच म्हणाली. "इतकं लांब कसं जाईल?"

डर्वलानं मोनिकाकडे पाहिलं. मोनिका ॲपल पायचे काप करण्यात फारच गुंतली होती.

"मोनिका. तुला माहीत होतं."

"मला काहीएक माहीत नव्हतं," मोनिका ठसक्यात म्हणाली. "मी विचारलंच नाही कधी. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, आणि मग मला ते परीक्षकांना सांगावं लागलं असतं. शिक्षिका आहे मी." सुरी खाली ठेवून तिनं डोळे पुसले. "आणि फक्त माझ्या पोरींना नाही हं. एकदा माझी पोर पहिली यायची, तर हिनं दुसऱ्याच शाळेच्या पोरीला वाचवली. महिनाभर बोलले नाही मी हिच्याशी!"

"पण हे नियमाबाहेरचं नाही का?" रोशीननं विचारलं.

"नियमात बसवूनच केलंय सगळं. चूक वाजवणाऱ्याची. आणि वाजवणाऱ्याला कुठे गुण देतात?"

डर्वला हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. मोनिकानं ते पाहिलं.

"लिमरिक," डर्वला म्हणाली.

मोनिकानं नुसती मान डोलावली.

तेव्हा डर्वला चौदा वर्षांची होती. लिमरिकला मोठी स्पर्धा, ठरलेला वादक ऐनवेळी आजारी पडला म्हणून त्याच्या जागी पेगला बसवलं. डर्वलाचा नाच रंगात आला असताना पेगची धून मोडली. डर्वला पुन्हा नाचली आणि तिसरी आली. परतीच्या वाटेवर ती आईशी चकार शब्द बोलली नाही. पुढे राग विरला आणि त्याचा किस्सा झाला. दर नाताळात, जेवण उरकल्यावर, ती तो रंगवून सांगायची: सख्ख्या आईनं माझी धून मोडली, तरी मी तिसरी आले! सगळे पोट धरून हसत. पेगही हसायची, आणि सगळ्यांना आणखी चहा ओतायची.

त्या किश्शात डर्वला एक गोष्ट कधीच सांगत नसे. धून मोडली त्या क्षणी तिला पुढचं पाऊल आठवत नव्हतं. डोक्यात सगळं पांढरं झालं होतं. मग तो सूर किंचाळला, आणि तो आपलं नशीब असं समजून इतकी वर्षं ती गप्प राहिली होती. कडेला बसून टाचांकडे बघणाऱ्या बाईला ते दिसलं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिनं लॅपटॉप मिटला नाही. पडद्यावर आई हात वर करून थांबली होती.

"मग काढू का हा भाग?" रोशीननं विचारलं.

"नको. राहू दे. सगळाच राहू दे."

"खाली दोन ओळी टाकते. नाहीतर लोकांना वाटेल..."

"ओळी नकोत. ती कुणाला सांगत बसली नाही, आपण कशाला सांगायचं? ज्यांना दिसायचं त्यांना दिसेल." जरा थांबून ती म्हणाली, "आणि कुणाला नाहीच दिसलं, तर आईची बोटं गेली होती म्हणतील. ती ते ऐकूनच वाजवत होती."

हे म्हणताना तिचा आवाज ठाम होता. पण ऑक्टोबरात चर्चशेजारच्या हॉलमध्ये माहितीपट दाखवायची वेळ आली तेव्हा तिनं दाराजवळचीच खुर्ची धरली. किलरशला मागे कुजबुजणाऱ्या त्या दोघीही आल्या होत्या, अगदी पुढच्याच रांगेत. तो म्हातारा वादकही होता. सगळ्या गावासमोर आईची चूक भल्या मोठ्या पडद्यावर वाजणार होती, आणि तसं ठरवणारी ती स्वतः होती.

किलरशचा भाग आला. आईचा गाल, भाता, टाचा. भलता सूर. "माझी चूक. माफ करा हं."

कुणीतरी च्च केलं.

मग मधल्या रांगेतली एक बाई ताठ झाली. किलकीची नर्स होती ती, लहानपणी मोनिकाकडे नाचायची. तिनं तोंडावर हात नेला. "अगं बाई," ती मोठ्यानं म्हणाली. "माझा गुडघा लचकला होता तेव्हा..." पलीकडून दुसरी तिच्याकडे वळली. "तुलासुद्धा?" मागून एका धिप्पाड माणसाचा आवाज आला, त्यानंही कधीतरी फेश गाजवल्या होत्या: "मला वाटलं, फक्त माझ्यासाठी!" आणि हॉलभर एक चमत्कारिक आवाज पसरत गेला, निम्मा हसण्याचा, निम्मा नाक ओढण्याचा. पुढच्या रांगेतल्या दोघींपैकी एक मागे वळून विचारत होती, "काय झालं? काय दिसलं तुम्हाला?" म्हातारा वादक तिला सांगू लागला, टोपी काढून.

दिवे लागले तशी मोनिकानं डर्वलाला कोपरानं ढोसलं. "बोल ना. सगळे बघतायत."

डर्वला उभी राहिली. आदल्या दिवशी तिनं काही बरी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता हाताशी नव्हतं. रंगमंचाच्या कडेला, जरा मागच्या बाजूला, मोनिकानं डर्वलाकडून मागून आणलेली पेगची पेटी एका खुर्चीवर ठेवलेली होती. डर्वलानं लोकांकडे पाहिलं नाही. ती त्या खुर्चीकडे बघून बोलली.

"आई, लिमरिकला मी पाऊल विसरले होते. तुला दिसलं होतं. थँक्यू गं."