एक हिसका

भाग्यश्रीने चाचणीच्या रस्त्यावरचा स्पीडब्रेकर सतराव्यांदा ओलांडला आणि गाडीच्या डॅशबोर्डवरचा पडदा काळा झाला. पुढच्या गाडीचं अंतर, लेनची रेघ, सगळं गेलं. दोन सेकंदांनी परत आलं.

चार दिवसांत अशा नऊ नव्या गाड्या चाचणीवरून कारखान्यात परत आल्या होत्या. शेडमध्ये उभ्या केल्या की एकही बिघडत नव्हती.

"तीनला शिफ्ट सुटते," लाइनचे साहेब रणजीत सर खिडकीशी वाकून म्हणाले. "फॉर्मवर कारण पाहिजे आणि एक नाव. नऊही डॅशबोर्ड लाइनवर विक्कीच्या स्टेशनवर बसवलेले. खोलात कशाला जाता? महिनाअखेरीला तुमचं कायमचं पत्र निघतंय."

नऊ वर्षं ती कंत्राटावर होती.

"तीनपर्यंत वेळ द्या, सर."

विक्कीला सकाळीच लाइनवरून काढून शेडमध्ये बसवलं होतं. तोही कंत्राटी. कुरुळीतल्या खोलीवर बायको, आठवा महिना.

"नजर लागली असंल, ताई," तो म्हणाला. "लिंबू-मिरची बांधू का?" हसायला मात्र त्याला जमलं नाही.

भाग्यश्रीने पडद्यामागचं झाकण काढून आत बॅटरीचा उजेड पाडला. वायरींचा कनेक्टर नीट बसलेला, लॉक लागलेलं. एकेक वायर तिने बोटाने हलवली. तिसऱ्या वायरला पडदा गेला. भिंग धरलं. त्या वायरची पिन आतल्या आत केसभर मागे सरकली होती. बाकीच्या आठ गाड्यांतही तसंच.

तिने नवा कनेक्टर विक्कीच्या हातात दिला.

"बसवून दाखव."

त्याने दाबला. टिक वाजलं. मग वायरींचा झुपका मुठीत धरून त्याने मागे एक हिसका दिला.

"हे कशाला?"

"लाइनवर टिक कुठं ऐकू येतंय? ओढून निघाला न्हाई म्हणजे बसला. तुमीच शिकवलं न्हाई का, ताई?"

"बाकीचे ओढतात?"

"आठवलं तर. मी एकबी सोडला न्हाई."

भाग्यश्रीने तो कनेक्टर भिंगाखाली धरला. तिसरी पिन केसभर मागे सरकली होती. तिने भिंग पुसलं. पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं.

तीनला पाच कमी असताना रणजीत सर आले.

"मिळालं का नाव?"

"मिळालं."

तिने फॉर्म बॉनेटवर ठेवला. कारण लिहिलं, नाव लिहिलं. टोकन नंबरच्या चौकटीपाशी पेन थांबलं. विक्कीचा नंबर चार दिवसांत तिला पाठ झाला होता. तिने गळ्यातलं कार्ड उलटं केलं आणि त्यावरचा आकडा बघून एकेक अंक उतरवला.